मिठाचा वशिला

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ कधी घालायचं, यावरून मराठी घरात भांडण झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. साखर घालायची की नाही, फोडणी तुपाची की तेलाची, कूट भरड की बारीक, दही की लिंबू, यांवरून सासर आणि माहेर अशी दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे बघून नाक मुरडत आली आहेत. मिठाबाबत मात्र एकमत. पाहुणे हात धुवायला गेले की मगच. हौसेने आधी घालून ठेवलं आणि पाहुणे चांदणी चौकात अडकले, तर ते येईपर्यंत पातेल्यात काकडी खाली आणि पाणी वर. मग यजमानीण "आज जरा पातळ झालीय हं" म्हणत वाट्या शोधायला लागते, आणि पाहुण्यांमधली एखादी जाणती बाई काही न बोलता वाटी तोंडाला लावते. तिच्या न बोलण्यात सगळं आलं.

हे पाणी काकडीचंच. काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी असतं, आणि ती कितीही बारीक चोचवली तरी त्यातलं बरंचसं पाणी सुरीतून वाचलेल्या पेशींनी आत जपून ठेवलेलं असतं. मीठ पडलं की चित्र पालटतं. पेशीभोवती जो पडदा असतो, शाळेच्या पुस्तकातलं पेशीपटल, तो पाण्याला ये-जा करू देतो पण मिठाला सहजासहजी आत घेत नाही. मीठ आत येत नाही म्हटल्यावर पाणीच उठून मिठाकडे जातं. कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे, तोल साधेपर्यंत. आम्हाला हे शाळेत परासरण या नावाने होतं आणि त्यावर तीन मार्कांचा प्रश्न यायचा. त्यातला एक मार्क आकृतीला असल्यामुळे अर्ध्या वर्गाने परासरण म्हणून फक्त एक नळी आणि दोन बाण लक्षात ठेवले.

विज्ञानाच्या इतिहासात हा शोध झाँ-आंत्वान नोले या फ्रेंच पाद्र्याच्या नावावर आहे, साल १७४८. त्याने एका भांड्यात मद्यार्क भरला, तोंडाला डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी बघतो तर मूत्राशय टम्म फुगलेलं. पाणी आत शिरत होतं, मद्यार्क बाहेर पडायला तयार नव्हता. नोले मुळात उत्साही माणूस. त्याआधी दोनेक वर्षं त्याने फ्रान्सच्या राजाच्या करमणुकीसाठी सुमारे १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं होतं आणि त्यांच्यातून विजेचा धक्का सोडला होता. सगळे एकदम उडाले. राजाला हे इतकं आवडलं म्हणतात की शिपायांना काय वाटलं ते कोणी लिहून ठेवलं नाही.

कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून ठेवायचं, सुटलेला खार निथळून घ्यायचा, फोडी पंचावर पसरायच्या, हे नोलेच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. म्हणून "आपल्या आज्यांना सगळं विज्ञान ठाऊक होतं" असं म्हणणाऱ्या पंथात मी नाही. आजीला काय होतं ते ठाऊक होतं, का होतं ते नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं. बरणीला दादरा बांधून ती मोकळी व्हायची. मीठ काकडीचं जे करतं तेच बरणीत चुकून शिरलेल्या जंतूंचं करतं, त्यांच्यातलं पाणी ओढून घेतं, हे कोणी तिला सांगितलं असतं तर तिने "बरं" एवढंच म्हटलं असतं आणि सांगणाऱ्याला लसूण सोलायला बसवलं असतं.

साखरही या कामात मागे नाही. मोरावळ्यासाठी आवळे टोचायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. न टोचता, न वाफवता पाकात टाकलेला आवळा स्वतःतलं पाणी पाकाला देऊन टाकतो आणि आकसून बसतो. पाक काही आत घेत नाही. म्हणून भोकं पाडायची. पटलाशी वाटाघाटी करण्यापेक्षा ते फोडून टाकणं सोपं, हे धोरण आवळ्यापुरतं तरी यशस्वी आहे. बीट त्याचा दुसरा पुरावा. कच्चं बीट चिरून धुतलं की चिरलेल्या पेशींतला रंग वाहून जातो आणि मग पाणी बऱ्यापैकी नितळ येतं, कारण बाकीच्या पेशींची पटलं शाबूत असतात आणि रंग आत धरून ठेवतात. शिजवलं की पटलंच मोडतात. मग दही, पुलाव, ओटा, बोटं आणि नव्या साडीचा काठ, सगळं एका रंगात न्हातं.

हा पडदा आहे तरी कशाचा? १८९०च्या दशकात झुरिचमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन नावाच्या संशोधकाने शेकडो पदार्थ पेशींना घालून पाहिले आणि त्याच्या लक्षात आलं की जे तेलात विरघळतं ते भराभर आत जातं. जे फक्त पाण्यात विरघळतं ते बाहेर ताटकळतं. म्हणजे पडदा तेलकट असणार. पुढे १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे गॉर्टर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या ग्रेंडेल या सहकाऱ्याने तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली. ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते असं भरलं. याचा अर्थ पडद्यात चरबीचे दोन थर. उत्तर अगदी बरोबर. नंतरच्या लोकांनी हिशेब तपासले तेव्हा कळलं की या दोघांची सगळी चरबी मुळी निघालीच नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना फस्त केलं आणि खाली सत्य उरलं. आमच्या गणिताच्या बाईंनी रीतीचे सगळे मार्क कापून शेजारी कोण बसलं होतं याची चौकशी केली असती.

या दोन थरांची जाडी मिळून सुमारे ५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरात असे दोन लाख पडदे एकावर एक बसतील. एवढ्याशा तेलकट पापुद्र्याच्या आत आपण आहोत आणि बाहेर बाकीचं जग आहे.

त्यातून फुकट आत-बाहेर करू शकणारे फार थोडे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांना अडथळा नाही, ते ठीकच आहे. पण याच यादीत दारूही आहे! अल्कोहोल पाण्यातही मिसळतं आणि चरबीतही खपून जातं. त्याला कुठलंच वेगळं दार लागत नाही. पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत, मेंदूतून शेजारच्याच्या लग्नाच्या वरातीत, सरळ. साखरेसारखा कष्टाळू, उपयोगी रेणू मात्र उंबऱ्याबाहेर उभा. मिठाची गत तर त्याहून वाईट. पाण्यात पडल्यावर मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभार असलेले कण सुटे होतात, आणि भार असलेल्याला तेलात थारा नाही. अशा सगळ्यांसाठी पडद्यात जागोजागी प्रथिनांची दारं बसवलेली असतात. कोणतं दार कोणासाठी, कधी, कोणत्या अटीवर उघडेल, यावर आपलं जगणं-मरणं ठरतं.

आमच्या घरात हा विषय कोशिंबिरीतून शिरला नाही. शिरला तो वामकुक्षीतून.

निवृत्तीनंतर आमच्या यांची दुपारची झोप लांबत लांबत चहाला येऊन टेकली. मी त्यावर काही बोलत नसे. जे बोलायचं ते माझ्या हातातली भांडी बोलायची. एका रविवारी माझी भाची जेवायला होती. ती कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, आणि त्या पेशातल्या बहुतेकांप्रमाणे तिला समोर चारपेक्षा जास्त माणसं दिसली की तास सुरू करायची सवय आहे. वरण वाढून घेता घेता ती म्हणाली, की माणूस अगदी स्वस्थ पडलेला असतो तेव्हासुद्धा त्याच्या शरीराच्या एकूण खर्चातला पाचवा ते चौथा हिस्सा फक्त पेशींमधलं सोडियम बाहेर काढण्यात जातो.

यांचा घास हातात तसाच राहिला. डोळ्यांत एक चमक आली. ती चमक मी ओळखते. पेन्शनमधला फरक जमा झाल्याचा मेसेज आला होता तेव्हाही ती आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुसायला घेऊन खोलीत गेले तर पलंगावरून आवाज आला, "अगं, मी पडलोय असं तुला वाटतं. माझे पंप चालू आहेत."

पंप खरोखरच आहेत, त्यात खोटं काही नाही. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर आणि आत त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं. पोटॅशियमचं बरोबर उलट, आत भरपूर आणि बाहेर किरकोळ. हा असमतोल आपोआप टिकत नाही. पडद्यातला पंप एका फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत ओढतो, आणि प्रत्येक फेरीला शरीराच्या ऊर्जेच्या चलनातला, एटीपीचा, एक रेणू मोडतो. बाहेर टाकलेलं सोडियम इकडून तिकडून पुन्हा आत झिरपतंच. पुन्हा टाका. असं काम काय असतं हे समजून घ्यायला घर सांभाळणाऱ्या कोणाला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. थांबलं तर मात्र आत सोडियम साचतं, त्याच्या मागोमाग पाणी येतं, आणि पेशी फुगत फुगत फुटते. कोशिंबिरीचा उलटा प्रयोग, आपल्यावर.

मी हिशेब मांडून पाहिला. पडून राहणाऱ्या माणसाला दिवसाला पंधराशे कॅलरी लागतात असं धरलं, तर त्यातल्या तीनशेच्या वर या कामात जातात. म्हणजे तूप लावलेल्या तीन पोळ्या, निव्वळ मीठ बाहेर फेकायला. पोळ्या कोण लाटतं हा मुद्दा यांच्या हिशेबात कुठेच नव्हता.

हा पंप ज्याने शोधला तो येन्स स्कू डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठातला. मूळचा डॉक्टर. भूल देणारी औषधं नसांवर कशी काम करतात ते त्याला बघायचं होतं, आणि नसांसाठी त्याने किनाऱ्यावरचे खेकडे निवडले. आता खेकडा म्हटल्यावर मालवणी वाचक सावरून बसला असेल, तर त्याची निराशा होणार नाही. आपल्याकडे खेकड्याच्या बारीक पायांचं काय करतात? वाटतात, गाळतात आणि तो रस कालवणात घालतात. स्कूने अगदी तेच केलं. पायांतल्या नसा काढल्या, वाटल्या, निवळून घेतल्या. फरक एवढाच की खोबऱ्याचं वाटण घालायच्या जागी त्याने सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घातलं आणि एटीपी कधी मोडतो ते बघत बसला. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले की तो झपाट्याने मोडत होता. हा निबंध १९५७ साली छापून आला. नोबेल मिळालं १९९७ साली, चाळीस वर्षांनी, स्कू ७९ वर्षांचा असताना. कालवण इतका वेळ मुरू देणारी दुसरी कोणती जात माझ्या पाहण्यात नाही.

बचावाचा मसुदा हाती आल्यावर मीही गप्प बसले नाही. भाचीकडून पुरवणी माहिती मागवली. एक, पंप पडलेल्या माणसाचेच चालतात असं नाही. उभ्या माणसाचेही चालतात, आणि कणीक मळणाऱ्या हाताच्या स्नायूंत तर जास्त जोरात चालतात. दोन, शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू एकूण ऊर्जेतली वीस टक्के खातो, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग या पंपांवरच जातो. यावर हे लगेच म्हणाले, "बघ, विचार करत होतो." मग मी तिसरा मुद्दा काढला. आमच्या फाटकाशी कण्हेर आहे. रोज सकाळी देवाला जाते ती. कण्हेरीच्या पानाफुलांपासून मुळांपर्यंत जे विष असतं ते नेमकं हाच पंप बंद पाडतं, आणि हृदय थांबवतं. हा मुद्दा मी फक्त माहिती म्हणून सांगितला होता. तरी त्या दिवशी चहा यांनी स्वतः केला.

त्याच जातीचं द्रव्य फॉक्सग्लव्ह नावाच्या विलायती झाडात असतं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्याचा धागा आजच्या डिजॉक्सिनच्या गोळीपर्यंत येतो. अगदी मोजक्या मात्रेत पंपाला किंचित अडवलं की थकलेलं हृदय जास्त जोराने आवळतं. मात्रा थोडी चुकली की तेच विष. या गोळीचा डोस डॉक्टर इतका जपून का लिहितात ते यावरून कळावं.

आता मुख्य प्रश्न. इतक्या पोळ्या जाळून सोडियम बाहेर कशाला फेकायचं? भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, बाहेर फेकलं म्हणूनच तर त्याला आत यायची घाई होते."

इथे मला हा सगळा व्यवहार एकदम कळला, कारण मी आयुष्यभर कचेऱ्यांचे जिने चढले आहे. सोडियम म्हणजे वशिल्याचा माणूस. त्याला आत यायचंच असतं आणि त्याच्यासाठी दार उघडतंच. ग्लुकोजची तशी ओळख नसते. आतड्याच्या भिंतीत जे दार आहे ते ग्लुकोज एकटा आला तर उघडत नाही. सोडियमचे दोन कण सोबत असले तरच उघडतं. मग सोडियम आत शिरताना मागे वळून "हे माझ्याबरोबर आहेत" म्हणतं आणि ग्लुकोज खाली मान घालून त्याच्या मागोमाग आत सटकतो. कित्येक अमिनो आम्लंही अशीच सोडियमच्या ओळखीने येतात. आत आल्यावर सोडियमला पंप पुन्हा बाहेर काढतो, म्हणजे ते पुढच्याला आत आणायला मोकळं. साखरेला आत आणायला शरीर थेट काही मोजत नाही. मोजतं ते ओळखीचा माणूस सतत दाराबाहेर तयार ठेवण्यासाठी. या पद्धतीला नैतिक पाठिंबा देणं कठीण आहे. पण कार्यक्षम आहे, हे मान्य करायला हवं. आमच्या वेळी घरी फोनची जोडणी येत होती ती कशी, हे ज्यांना आठवतं त्यांना पटेल.

सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडगोळी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० साली प्रागच्या एका परिषदेत मांडली. तेव्हा ती आतड्याच्या अभ्यासकांची खासगी गंमत होती. दहा-अकरा वर्षांत तिने माणसं वाचवायला सुरुवात केली.

त्याआधी सलाईनबद्दल. सलाईन म्हणजे एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, बस. मीठ नसलेलं निव्वळ पाणी शिरेत सोडलं तर रक्तपेशी ते पिऊन फुटतील, म्हणून रक्ताच्या तोलाचं मीठ. पण आपल्याकडे सलाईन हे औषध नसून मानमरातब आहे. "अशक्तपणा आलाय, डॉक्टर, एक सलाईन लावा." नुसती गोळी देणारा डॉक्टर गावात टिकत नाही. बाटली लटकलेली पाहिली की पेशंटच्या तोंडावर रंग येतो, नातेवाईक नारळपाणी घेऊन येतात, आणि पुढे चार महिने "दोन बाटल्या लागल्या होत्या" हे वाक्य सगळ्या आजारपणांना पुरून उरतं. आत गेलेलं मीठ चमच्याने मोजून दाखवलं तर पेशंट पैसे परत मागेल.

पण पटकीत, कॉलऱ्यात, हीच बाटली जीव वाचवते. कॉलऱ्याचं विष आतड्यातली क्लोराइडची दारं उघडी टाकतं, पाणी लिटरांनी वाहून जातं, आणि माणूस काही तासांत सुकतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर पसरलेले होते आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक निर्णय घेतला. कॉलरा आतड्यातलं सगळं बिघडवतो, पण सोडियम-ग्लुकोजचं ते जोडीचं दार शाबूत ठेवतो. मग त्या दारातूनच आत जायचं. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. शिरेत सुई नाही, तज्ज्ञ नाही. रुग्णाच्या आईने, भावाने, जो जवळ असेल त्याने पेल्यापेल्याने पाजायचं. ग्लुकोजमुळे सोडियम आत, सोडियममुळे ग्लुकोज आत, दोघांच्या मागे पाणी आत. तिथे शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. या पाण्यावर तो आकडा चारच्या खाली आला. पुढे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने सोडियम-ग्लुकोजच्या जोडीच्या शोधाला वैद्यकातला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा म्हटलं. भारत सरकारने महालनबीस यांना पद्मविभूषण दिलं ते २०२३ साली. ते आदल्या वर्षी वारले होते.

जुलाब लागले की मीठ-साखर-पाणी द्या, हे आता भिंतीवर रंगवलेलं सगळ्यांनी वाचलं आहे. तरी प्रत्येक घरात त्यावर संपादकीय संस्कार होतात. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा छोटा. चव अश्रूंपेक्षा खारट नको. मग काकू म्हणते, पोरगं पीत नाही, साखर थोडी जास्त घाल. मामा म्हणतो, साखर कशाला, नुसतं मीठ. दोघंही चुकतात. साखर जास्त झाली की ती सगळी आत जाऊ शकत नाही, आतड्यातच राहते आणि कोशिंबिरीतल्या मिठाचं काम करते, शरीरातलं पाणी बाहेर ओढते. जुलाब वाढतात. नुसत्या मिठाला ते दार उघडत नाही. पुष्कळ वर्षं मुरलेल्या काकूला हे सांगायचं कोणी, हा प्रश्न क्रेनने प्रागमध्ये हाताळलेला नाही.

पाण्याचं काय, ते कसं जातं, हे मात्र फार उशिरा कळलं. चरबीच्या पडद्यातून पाणी थोडंफार झिरपतं, पण मूत्रपिंडातून रोज १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत घेतलं जातं. एवढं नुसत्या झिरपण्याने होण्यासारखं नाही. बाल्टिमोरच्या पीटर ॲग्रे यांना रक्तपेशींतल्या दुसऱ्याच एका प्रथिनाचा शोध घेताना हे नको असलेलं प्रथिन सारखं भेटत होतं. शेवटी १९९२ साली त्यांच्या गटाने ते बेडकाच्या अंड्यांत उतरवून पाहिलं. बेडकाचं अंडं डबक्यात सुखाने राहतं, पाणी फारसं आत घेत नाही. हे प्रथिन मिळालेली अंडी पाण्यात टाकली आणि ती फुगून पटापट फुटली. पाण्याची वाट सापडली होती: एका सूक्ष्म नळीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू, एकामागे एक, रांगेत. रांगेत, हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते. २००३ साली ॲग्रे यांना नोबेल मिळालं.

या सगळ्या दारा-पंपांवर आपल्या पिढीची औषधपेटी उभी आहे. ॲसिडिटीची गोळी घ्या. जठरात आम्ल ओतणारा पंप रक्तातल्यापेक्षा दहा लाख पटींहून जास्त तीव्रतेचं आम्ल पोटात साठवतो, आणि ही गोळी चालू असलेल्या पंपाला चिकटून तो बंद पाडते. चालू असलेल्या. पंप जेवायला बसल्यावर चालू होतात, म्हणून गोळी आधी अर्धा तास रक्तात पोचायला हवी. डॉक्टर "नाश्त्याआधी अर्धा तास" म्हणतात ते या कारणाने. आमच्याकडे ती मिसळ संपल्यावर, ढेकर आला की घेतली जाते.

यांची साखरेची गोळी मात्र वेळेवर असते, कारण तिच्यात यांना फायदा दिसला आहे. मूत्रपिंडात रोज सुमारे १८० ग्रॅम साखर गाळली जाते आणि निरोगी माणसात ती सगळीच्या सगळी परत घेतली जाते; इथेही सोडियमच्याच ओळखीने. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत १८३५ साली एक कडू द्रव्य सापडलं होतं, ते ही ओळख मोडतं हे पुढे कळलं, आणि त्याच्या धर्तीवर ही नवी औषधं बनली. वशिला तुटला की साखरेला परत घेणारं कोणी राहत नाही आणि दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास साखर लघवीवाटे निघून जाते. भाचीने हे सांगितलं तो दिवस गुढीपाडव्याचा होता, चक्का रात्रभर टांगून श्रीखंड केलं होतं, आणि आकडा ऐकताच यांनी वाटी पुढे केली.

"सत्तर ग्रॅम बाहेर जातात, तर सत्तर ग्रॅमची जागा माझ्याकडे शिल्लक आहे."

"ती सकाळच्या जिलबीने भरली," मी म्हटलं आणि श्रीखंडाचं पातेलं भाचीकडे सरकवलं.